शाळेजवळचा १३८ मीटर पदपथ : अडीच वर्षांच्या नोंदी

महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेले एक छोटे काम घेतले जावे आणि ते जागेवर प्रत्यक्ष व्हावे, यासाठी आम्ही काही शेजाऱ्यांनी जे केले त्याच्या या नोंदी आहेत. शहर, प्रभाग आणि अधिकारी यांची नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. ज्यांना आपल्या प्रभागात असेच काम करून घ्यायचे आहे, त्यांना आमची कागदपत्रे, खर्च आणि विशेषतः आमच्या चुका उपयोगी पडाव्यात, एवढ्यासाठीच हे लिहिले आहे.

६ ऑगस्ट २०२३, रविवार

महापालिकेच्या प्राथमिक शाळेच्या कोपऱ्यापासून बसथांब्यापर्यंतचा पदपथ जवळजवळ वापराबाहेर गेला आहे. फरशा उखडल्या आहेत, दोन चेंबरची झाकणे तडकली आहेत आणि एका चेंबरवर झाकणच नाही. शाळेसमोर वह्या-पेन विकणाऱ्या मावशींनी त्या उघड्या चेंबरमध्ये सुबाभळीची एक फांदी खोचून तिला लाल फडके बांधले आहे. फडके पावसाने फिकट झाले की त्या नवे बांधतात. या वर्षातले हे तिसरे फडके, असे त्यांनी सांगितले.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली असून तेव्हापासून प्रशासक कारभार पाहत आहेत, त्यामुळे तक्रार घेऊन जायला नगरसेवक नाही. प्रभाग समिती मुख्यतः नगरसेवकांची असते, म्हणून तीही अस्तित्वात नाही. कायद्यात २००९ पासून क्षेत्र सभेची, म्हणजे प्रभागातील छोट्या भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे, परंतु आमच्या भागात अशी सभा भरलेली कोणाच्याही आठवणीत नाही. नागरिकांसाठी उघडे असलेले एक दार मात्र आहे, ते म्हणजे अंदाजपत्रकासाठी सूचना देण्याचे. पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून ही पद्धत सुरू केली आणि आमच्याकडची पद्धतही त्याच वळणाची आहे : क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो, एका कामासाठी पाच लाखांची मर्यादा असते आणि निवडलेली कामे पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात धरली जातात.

२४ ऑगस्ट २०२३, गुरुवार

अर्ज भरला. कामाच्या रकान्यात मी लिहिले, ‘शाळेजवळील पदपथ दुरुस्त करावा व चेंबरची झाकणे बसवावीत.’ अर्ज टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवायला सांगितले, म्हणून ठेवला आणि परत आले. या एकाच दिवशी तीन चुका झाल्या होत्या आणि त्यांपैकी एकही मला त्या दिवशी समजली नाही.

१२ ऑक्टोबर २०२३, गुरुवार

अर्जाचे काय झाले हे विचारण्यासाठी अर्धी रजा टाकून गेले. आवक क्रमांक विचारला गेला. माझ्याकडे पोच नव्हती, त्यामुळे क्रमांकही नव्हता. ‘मॅडम, क्रमांकाशिवाय मी कुठे शोधू?’ असे लिपिक म्हणाले आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. यापुढे पोच घेतल्याशिवाय कोणताही कागद देणार नाही, असे ठरवले. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्यायची आणि तिच्यावर शिक्का, तारीख, क्रमांक व सही या चारही गोष्टी घेऊनच टेबल सोडायचे. नुसत्या शिक्क्याचा पुढे उपयोग होत नाही, हे नंतर दुसऱ्या एका पत्राच्या वेळी समजले.

११ मार्च २०२४, सोमवार

२०२४-२५ चे अंदाजपत्रक संकेतस्थळावर आले. नागरिकांच्या सूचनांची यादी शेवटी परिशिष्टात असते. आमच्या प्रभागाची कामे दोनदा वाचली. त्यांत आमचे काम नाही.

१८ मार्च २०२४, सोमवार

राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना महापालिकेसारख्या कार्यालयांतील अभिलेख पाहता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून तीस दिवस थांबण्यापेक्षा ही वाट पुष्कळ जवळची आहे आणि माझ्या मते ती फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. आमच्या कार्यालयातही ती सर्वांना ठाऊक नव्हती. परिपत्रकाची छापील प्रत पुढे केल्यावर मात्र कोणी अडवले नाही.

सूचनांच्या अर्जांचा गठ्ठा समोर आला. माझा अर्ज त्यात होता आणि त्यावर निळ्या शाईत एक ओळ होती : ‘जागेचा बोध होत नाही. सबब दप्तरी दाखल.’ म्हणजे पुढे काही न करता अर्ज बंद. या प्रभागात महापालिकेच्या चार शाळा आहेत. कोणत्या शाळेजवळचा, कोणत्या बाजूचा, कुठून कुठपर्यंतचा पदपथ, यांपैकी काहीही मी लिहिले नव्हते. वाईट वाटले, परंतु शेरा लिहिणाऱ्याची यात चूक नव्हती. मी त्याच्या जागी असते तर मलाही ती जागा सापडली नसती.

त्याच गठ्ठ्यातले इतर नामंजूर अर्जही वाचले आणि खरे शिक्षण तिथे झाले. एका अर्जाची जागा खासगी सोसायटीच्या हद्दीत होती. दुसऱ्यात रस्ता, दिवे आणि बाग अशी तीन खात्यांची कामे एकाच रकान्यात लिहिली होती. तिसऱ्यावर शेरा होता, ‘जागा या खात्याच्या ताब्यात नाही.’ हा तिसरा शेरा वाचून शंका आली की आमच्या पदपथाखालून पावसाळी गटार जाते, तेव्हा ती जागा नेमकी कोणत्या खात्याची?

२ एप्रिल ते ६ जून २०२४

जागेची मालकी शोधण्यात दोन महिने गेले, त्यांपैकी एक महिना केवळ माझ्या चुकीमुळे गेला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि साधारणतः दीडशे शब्दांत असावा लागतो. मी २ एप्रिलच्या अर्जात आधी या पदपथावर पाच वर्षांत झालेला खर्च विचारला आणि त्याखाली जागा कोणत्या खात्याकडे आहे हे विचारले. माहिती अधिकाऱ्यांनी पहिल्या विषयाचे उत्तर दिले आणि दुसऱ्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा असे कळवले. नियम त्यांना तशी मुभा देतो. पाच वर्षांचा खर्च शून्य असल्याचे समजले, परंतु अर्ज भरण्यासाठी हवी होती ती माहिती मिळाली नाही.

३ मेच्या दुसऱ्या अर्जात एकच प्रश्न ठेवला आणि नकाशावर दोन टोके लाल शाईने दाखवली. उत्तर तिसाव्या दिवशी यायला हवे होते, ते चौतिसाव्या दिवशी आले. अपिलाचा कागद तयार ठेवला होता, तो वापरावा लागला नाही. उत्तर असे : १३८ मीटरपैकी शाळेकडील ९६ मीटर पदपथ पथ विभागाकडे आहे आणि बसथांब्याकडील ४२ मीटर भाग पावसाळी गटारावरील स्लॅब असून तो मलनिःसारण विभागाकडे आहे. म्हणजे डोळ्यांना सलग दिसणारा पदपथ कागदावर दोन कामांचा होता. मागच्या वर्षी मी जागा अगदी नेमकी लिहिली असती, तरीही तो अर्ज बहुधा दोन खात्यांच्या मधेच अडकला असता.

९ जून २०२४, रविवार

सकाळी साडेसहाला मोजमाप घेतले. शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. तीस मीटरचा टेप कसा ताणून धरायचा इथपासून त्यांनी शिकवले. दर पाच मीटरवर रुंदी घेतली. ती कुठे २.१ मीटर होती, तर फीडर पिलरजवळ, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीजवळ, १.१ मीटरच उरत होती. पादचारी सुविधांविषयीच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि जास्तीत जास्त १५० मिलिमीटर उंची सांगितली आहे. आमच्याकडे कडेची उंची दोन ठिकाणी २६० मिलिमीटर भरली. एवढी पायरी चढण्यापेक्षा वयस्कर माणसे रस्त्याच्या कडेने चालणे पसंत करतात, हे त्याच सकाळी पुन्हा पुन्हा दिसले.

काकांनी प्रत्येक मापाशेजारी एक खूण लिहायला लावली : लिंबाचे झाड, शाळेचे फाटक, खांब क्रमांक. ‘अहो ताई, माप घेणारा उद्या दुसराच कोणी असेल, त्याला तुमचा शून्य कुठे आहे हे कळायला नको का?’ असे ते म्हणाले. दीड वर्षाने या एका वाक्याचे मोल समजले.

१९ जून २०२४, बुधवार

शाळा सुरू झाल्यावर सकाळी पावणेसात ते पावणेआठ या एका तासात आम्ही दोघांनी मोजणी केली. ३१२ जण या बाजूने गेले, त्यांपैकी १८७ जण पदपथ सोडून रस्त्यावरून चालले. एका दिवसाची, एका तासाची मोजणी आहे, त्यापेक्षा अधिक दावा आम्ही कुठेही केला नाही.

११ जुलै २०२४, गुरुवार

ही नोंद लिहिणे अवघड जाते. सकाळच्या पावसात तिसरीतला एक मुलगा उघड्या चेंबरमध्ये मांडीपर्यंत गेला. पाण्याखाली चेंबर दिसत नव्हते आणि फांदी आदल्या रात्रीच्या वाऱ्याने आडवी झाली होती. मावशींनी त्याला काखेत धरून वर काढले. गुडघ्याला चार टाके पडले. त्याची एक चप्पल आतच राहिली.

मी संध्याकाळी महापालिकेच्या तक्रार ॲपवर छायाचित्रासह तक्रार टाकली आणि क्षेत्रीय कार्यालयात दूरध्वनी केला. तिसऱ्या दिवशी दुपारी झाकण बसले.

तीन दिवस. गेल्या ऑगस्टपासून ते चेंबर उघडे आहे हे मला माहीत होते आणि ते मी अंदाजपत्रकाच्या अर्जात लिहून मोकळी झाले होते, म्हणजे ज्या अर्जाचे फळ मिळाले तरी दीड-दोन वर्षांनी मिळते त्या अर्जात. उघडे चेंबर, लोंबकळणारी तार, बंद पडलेला दिवा या गोष्टी अंदाजपत्रकाच्या नव्हेत. त्या देखभालीच्या, त्याच दिवशी तक्रार करण्याच्या आहेत. सार्वजनिक रस्ते सुस्थितीत ठेवणे हे महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे आणि त्यासाठी नागरिकाने सूचनेचा अर्ज भरण्याची काहीही गरज नसते. हा फरक मला आधी समजला असता तर त्या मुलाला टाके पडले नसते. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला भेटून मी हे सांगितले. त्यांनी फक्त विचारले, ‘मग आता बाकीची दोन?’ तडकलेल्या दोन झाकणांचीही तक्रार त्याच रात्री केली. ती बदलायला मात्र तीन आठवडे लागले.

१३ ऑगस्ट २०२४, मंगळवार

कनिष्ठ अभियंता जागेवर आल्या. यासाठी पाच दूरध्वनी आणि एक फेरी झाली, पण आल्यावर त्यांनी पाऊण तास दिला. आमची मापे त्यांनी स्वतःच्या टेपने चार ठिकाणी पडताळली आणि ती जुळल्यावर त्यांच्या बोलण्याचा सूर बदलला. त्यांनी तोंडी अंदाज सांगितला : ९६ मीटरचे काम जिल्हा दरसूचीप्रमाणे सुमारे ४ लाख ४० हजारांत बसेल. फीडर पिलर हलवायचा आग्रह धरलात तर वीज कंपनीची परवानगी आणि वेगळा खर्च येईल, काम पाच लाखांच्या वर जाईल आणि अर्ज पहिल्याच चाळणीत गळेल, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. काकांना हे पटेना. शेवटी पिलर सोडून द्यायचा आणि त्याच्या मागच्या बाजूने पदपथ रुंद करायचा, असे ठरले. ही तडजोड होती आणि आजही तिथून चाकाची खुर्ची जेमतेम जाते.

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

दोन वेगळे अर्ज दिले : पथ विभागासाठी ९६ मीटरचा आणि मलनिःसारण विभागासाठी ४२ मीटर स्लॅबच्या दुरुस्तीचा. प्रत्येकाला नकाशा, मापांचा तक्ता, सहा छायाचित्रे, माहिती अधिकारातील उत्तराची प्रत आणि मोजणीचा कागद जोडला. दोन्ही पोचा घेतल्या, क्रमांकासह.

सह्या गोळा करण्यात दोन रविवार गेले. ६४ सह्या झाल्या, त्यांपैकी ११ शेजारच्या प्रभागातल्या निघाल्या, कारण रस्त्याच्या पलीकडची बाजू दुसऱ्या प्रभागात येते. त्या आम्ही स्वतंत्र कागदावर घेतल्या आणि मुख्य निवेदनात ५३ च ठेवल्या. अकरा चुकीच्या सह्यांमुळे उरलेल्या त्रेपन्न संशयात येऊ नयेत, एवढाच हेतू होता.

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आमचे अर्ज पथ विभागाच्या छाननीत तीन महिने पडून होते. महापालिकेत लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, म्हणून फाइल घेऊन गेले. तेथे समजले की विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि त्याशिवाय त्या दिवशी म्हणणे मांडता येत नाही. अर्धा दिवस गेला. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखेच आणखी चौघे बसले होते. फलकावर ही अट लिहिलेली असती तर पाच माणसांचा दिवस वाचला असता, असे पत्र लगेच तिथेच लिहून दिले.

६ जानेवारी २०२५, सोमवार

या वेळी अर्ज १८ डिसेंबरलाच दिला होता. आमची पाळी आली तेव्हा चार मिनिटे मिळाली. आम्ही एकच गोष्ट मागितली : दोन्ही अर्जांवर मान्य किंवा अमान्य असा लेखी निर्णय. इतर काहीही बोललो नाही. पथ विभागाने आठ दिवसांत पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज) करावे, अशी नोंद झाली. खरे तर मला शाळा, मुलगा, मावशी, सगळेच सांगायचे होते, परंतु काकांनी गाडीतच बजावले होते की चार मिनिटांत एकच मागणी पोचते.

१० मार्च २०२५, सोमवार

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकाच्या यादीत ९६ मीटरचे काम आले. तरतूद ४ लाख. ४२ मीटरचा अर्ज अंदाजपत्रकात घेतला गेला नाही, मात्र मलनिःसारण विभागाने ते काम देखभाल-दुरुस्तीतून करू असे पत्र दिले आणि मे महिन्यात, पावसाळ्याआधी, केलेही. त्या कामात लिहिण्यासारखी अडचण आली नाही.

मावशींना यादीतले पान दाखवले. त्यांनी आपल्या दुकानाचा उल्लेख कुठे आहे ते विचारले. तो कुठेही नव्हता. काम सुरू झाल्यावर त्या कुठे बसतील याचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता. पुढे त्यांची सोय शाळेच्या मुख्याध्यापिकांनी फाटकाच्या आतल्या बाजूला करून दिली, पण हा प्रश्न अर्ज लिहितानाच पडायला हवा होता.

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

यादीत नाव आले म्हणजे काम झाले, असे समजून आम्ही एप्रिल ते जुलै शांत बसलो. ही मोठी चूक होती. आज अभिलेख पाहताना आमच्या अर्थशीर्षकाखाली वर्गीकरणाचा एक प्रस्ताव दिसला. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते : अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणे म्हणजे वर्गीकरण. आमचे ४ लाख दुसऱ्या एका रस्त्याच्या डांबरीकरणाकडे वळवण्याचे टिपण तयार होते आणि कारण लिहिले होते, ‘सदर कामाची निकड नाही.’ अंतिम सही व्हायची होती.

त्या टिपणाची प्रत मागितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहायक आयुक्तांकडे लेखी हरकत दिली. सोबत जुलै २०२४ च्या तक्रारीचा क्रमांक, मोजणीचा कागद, लोकशाही दिनातील नोंद आणि मुलाच्या आईचे पत्र जोडले. पत्र त्यांनी स्वतः लिहिले, सात ओळींचे. मुख्य इमारतीत तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत शाळेच्या व्यवस्थापन समितीतले पाच पालक सोबत होते. २१ ऑगस्टला टिपण मागे घेतल्याचे समजले.

निकड नाही हा शेरा मारणाऱ्या व्यक्तीने ती जागा पाहिलेली नव्हती, हे बोलण्यातून उघड झाले. मला राग त्या शेऱ्याचा आला, पण त्याहून अधिक याचा आला की चार महिने आमच्यापैकी कोणीही एका सोमवारी जाऊन फाइल पाहिली नाही. तरतूद ३१ मार्चपर्यंत खर्च झाली नाही तर ती जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्जापासून सुरुवात करावी लागते. म्हणून एप्रिलपासून महिन्यातून किमान एकदा फाइल कोणत्या टेबलावर आहे ते पाहावे आणि तारीख लिहून ठेवावी.

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश, निघाला. निविदा पूर्वगणनपत्रकापेक्षा बऱ्याच कमी दराने भरली गेली होती. पैसा वाचला याचा आनंद करण्यापेक्षा अशा वेळी जागेवर अधिक लक्ष द्यावे, असे मला वाटते, कारण कमी केलेला दर कुठून तरी भरून काढला जातो. कार्यादेश आणि कामाच्या बाबींची यादी यांच्या प्रती मागून घेतल्या. कोणत्या जाडीचे ब्लॉक, त्याखाली किती जाडीचा थर, किती दाबाई, हे सर्व त्या यादीत असते. ती हातात नसेल तर ठेकेदाराच्या माणसाशी बोलण्याला काही आधार राहत नाही.

२७ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर २०२५

चौथ्या दिवशी सकाळी दिसले की शाळेकडच्या बाजूला खडीचा थर न दाबता त्यावर कच टाकून ब्लॉक बसवणे सुरू आहे. काकांनी एक ब्लॉक उचलून टाच दाबली, तर टाच सरळ आत गेली. मुकादम म्हणाला, ‘काका, रोलर उद्या येणार आहे, वरून फिरवू.’ ब्लॉक बसवल्यानंतर वरून फिरवलेल्या रोलरने खालचा थर दाबला जात नाही. कनिष्ठ अभियंत्यांना छायाचित्रे पाठवली. त्या दुपारी आल्या आणि २२ मीटर काम उचलून पुन्हा करायला लावले. दोन दिवस गेले, पण मुकादमाशी भांडण झाले नाही. त्याला चहा मावशींनीच दिला आणि पुढचे दहा दिवस तो स्वतःच थर दाबून झाल्यावर आम्हाला बोलावून दाखवत असे.

दुसरी अडचण उताराची होती. पाणी रस्त्याकडे जाण्याऐवजी शाळेच्या भिंतीकडे जाईल असा उतार होत होता. बादलीभर पाणी ओतून दाखवल्यावर तो तिथल्या तिथे दुरुस्त झाला. फाटकासमोर पाच मीटर लांबीचा काँक्रीटचा उतरता भाग केला. तो बारास एक या प्रमाणात हवा होता आणि पहिल्या दिवशी बराच अधिक तीव्र झाला होता. ओल्या काँक्रीटमध्ये हे लक्षात आले म्हणून निभावले. वाळल्यावर तो कोणी फोडला नसता.

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेची निवडणूक होती. तिची आचारसंहिता लागण्यापूर्वी काम पूर्ण झाले, त्यामुळे त्या कारणाने थांबण्याची वेळ आली नाही.

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

निवडणूक झाली, जवळजवळ चार वर्षांनी प्रभागाला नगरसेवक मिळाले. आज पुन्हा दुपारी तीनला अभिलेख पाहायला गेलो आणि मोजमाप पुस्तक मागितले. ठेकेदाराला पैसे याच पुस्तकातील मापांवर मिळतात, तरीही नागरिक सहसा हे पुस्तक मागत नाहीत.

ब्लॉकच्या बाबीत लांबी ९६ मीटर, रुंदी १.८ मीटर, क्षेत्र १७२.८० चौरस मीटर असे लिहिले होते. त्याखाली फाटकासमोरच्या काँक्रीटची स्वतंत्र बाब होती. काका बराच वेळ पानाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी जून २०२४ चा आमचा तक्ता काढला. फाटकाचा पाच मीटर भाग त्या ९६ मीटरच्या आतच येतो. तिथे काँक्रीट आहे, ब्लॉक नाहीत, म्हणजे ब्लॉकची लांबी ९१ मीटर हवी. नऊ चौरस मीटर दोनदा मोजले गेले होते. लिंबाचे झाड, फाटक, खांब क्रमांक या खुणा मापाशेजारी लिहिलेल्या नसत्या तर हे आम्हाला कधीच सिद्ध करता आले नसते.

रक्कम मोठी नव्हती आणि ही नजरचूकच असेल असे मी मानते. तरीही अंतिम देयक निघण्यापूर्वी संयुक्त मोजणी व्हावी असे पत्र दिले, पोच घेतली आणि त्याची एक प्रत नव्या नगरसेविकेच्या कार्यालयात दिली.

आजवरचा आमचा खर्चही इथे लिहून ठेवते. माहिती अधिकाराचे दोन कोर्ट फी स्टॅम्प २० रुपये, मिळालेल्या २३ पानांचे दोन रुपये दराने ४६, छायाचित्रांच्या छापील प्रती २४०, झेरॉक्स १८० आणि टेप ३५० रुपये, असे एकूण ८३६ रुपये झाले. माझ्या सात अर्ध्या रजा गेल्या. काकांच्या फेऱ्या आम्ही मोजल्या नाहीत.

११ फेब्रुवारी २०२६, बुधवार

कनिष्ठ अभियंता, ठेकेदाराचा माणूस, काका आणि मी अशी संयुक्त मोजणी सकाळी आठला झाली. टेपचे शून्याचे टोक शाळेच्या कोपऱ्यावर तिसरीतल्या त्याच मुलाने धरले होते. तो आता पाचवीत जाणार आहे. ब्लॉकचे माप ९१ मीटर नोंदवले गेले आणि देयकातून नऊ चौरस मीटरची रक्कम वजा करण्याचा शेरा आमच्या समोर लिहिला गेला. ९६ मीटरच्या बसथांब्याकडील टोकाला दोन ब्लॉक किंचित खचलेले आढळले. दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याच्या मुदतीत, ते त्याने बदलायचे आहेत. त्याचे पत्र सोमवारी देणार आहे.